राजा शेवटी राखायचा

"शेवटपर्यंत शार्प होत्या हो!"

मंदाकिनी खांबेट्यांच्या तेराव्याला बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जो येई तो हेच म्हणे, फक्त प्रत्येकाची चाल वेगळी. सोसायटीचे चेअरमन बोलले ते सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा तसं : "मंदाकिनीताई या, अं, अखेरच्या क्षणापर्यंत, अं, तल्लख होत्या, हे आपण सर्वच, अं, जाणतो." वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा म्हणाला, "आजी वॉज टू शार्प, यार. मला एकदा पार्किंगवरून असलं झापलंय ना, लेजंड!" आणि सदाशिव पेठेतून आलेली मावसबहीण खुर्चीत टेकता टेकता म्हणाली, "मंदा शेवटपर्यंत तल्लख होती. आमच्याकडे सगळेच असतात."

समोरच्या फ्लॅटमधली विजयमाला तुपे आत स्वयंपाकघरात खिरीच्या वाट्या भरत होती. बाहेर कुणी 'शार्प' म्हटलं की तिचा डाव हवेतच थांबे, खीर ओघळे, आणि मग ती ओट्यावरचा ओघळ फडक्यानं पुसून पुढची वाटी घेई.

पुरावाही सगळे एकच देत. अहो, परवापरवा मुलाला झब्बूत हरवलंन्, पत्ते कोण खेळणार त्यांच्याशी! तो डाव मंदाताई जिंकल्या होत्या हे खरंच होतं. त्यांना तो कुणी जिंकवला, हे विजयमालाला माहीत होतं.

विजयमाला मूळची हडपसरची. गावात घर होतं तेव्हा कुत्रं शिरू नये म्हणून दार लोटायची पद्धत, तीही दिवे मालवल्यावर. मग रान गेलं, रानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, नवरा संपतराव गेले, आणि मुलगा सूरज तिला घेऊन बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. सूरज आणि सून सकाळी हेल्मेटं घालून जायची ती दिवेलागणीला उगवायची. दिवसभर घरात विजयमाला, टीव्ही आणि सताड उघडं दार. उघडं अशासाठी, की कुणीतरी येईल.

कोण येतंय? लिफ्ट थांबायची, दारं वाजायची, माणसं मोबाइलमध्ये तोंड घालून आपापल्या घरात गडप व्हायची. शेवटी एका दुपारी समोरच्या बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला साखळी. उंबऱ्याच्या अलीकडे पाऊल नाही. आणि आवाज असा, की विजयमालाला वाटलं टीव्हीच बोलला.

"आपलं दार उघडं आहे. मुद्दाम, की विसरलात?"

"मुद्दाम," विजयमाला म्हणाली. "कुनी आलं तर 'या' म्हनायला."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मी आले आहे. म्हणा."

"या."

"चहा अर्धा कप घेते. बिनसाखरेचा, मला मधुमेह आहे. आणि मला काकू म्हटलेलं खपत नाही, आधीच सांगते."

म्हणून मग मंदाताई.

मंदाताईंचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं होतं. नवरा गेला तेव्हा केयूर तिसरीत होता. त्याला शेजारी बसवून त्या रात्रपाळी करायच्या, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायच्या. शेकडो नंबर तोंडपाठ. लहर लागली तर त्या सगळं एक्सचेंज बोलून दाखवत. बार्शीचा आडत्या ओरडायचा, "बाई, लाइन द्या की वो, तुरीचा भाव पडतोय हितं!" डेक्कनवरचे वकील म्हणायचे, "भगिनी, मी आपली तक्रार करणार आहे, कृपया आपले शुभनाम." आणि मग मंदाताई स्वतःचा तो थंडगार आवाज काढत : "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" विजयमाला पोट धरून हसे. पण त्यातच मंदाताई मधेच सांगून जायच्या, की मयताचे निरोप आधी आमच्या कानावरनं जायचे, मग घरच्यांच्या. पलीकडे माणूस हंबरडा फोडायचा आणि आम्ही गप्प. ऐकू येतंय म्हणून मधे पडायचं नाही, हा नियम. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

दुपारी तीनला झब्बू. तिसऱ्या भिडू खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी काही बोलत नाही, पण" असं सुरू होई आणि चहा गार होईस्तोवर संपत नसे. विजयमालाला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. गावात पत्ते पुरुषांचे, तेही पारावर. मंदाताईंनी तिला शिकवलं ते असं, जणू नव्या मुलीला स्विचबोर्डवर बसवतायत.

"खेळ सोपा आहे. हातातली पानं संपवायची. बावन्नच्या बावन्न वाटायची. इस्पिकचा एक्का ज्याच्याकडे, त्यानं तो टाकून सुरुवात करायची. त्या पहिल्या हाताला सगळं माफ. पुढे मात्र इस्पिकवर इस्पिक, बदामवर बदाम. सगळ्यांनी एकाच प्रकारचं पान टाकलं, की तो हात कचऱ्यात गेला, आणि ज्याचं पान मोठं, पुढची उतारी त्याची. समजलं?"

"समाजलं."

"पण समजा उतारी बदामाची झाली आणि तुझ्याकडे बदाम नाही. मग तू काहीही टाक. तो झब्बू! हात तिथेच थांबला. आता खालचा ढीग कोण उचलणार? तू नाहीस. ज्यानं बदामाचं सगळ्यात मोठं पान टाकलंय, तो."

"म्हंजी मोठेपना केला त्याच्याच डोक्यावर वझं."

"बरोबर. उचललंही त्यानं आणि उतारीही त्यानंच करायची. ज्याची पानं संपली तो सुटला. शेवटी ज्याच्या हातात पानं राहिली, ते गाढव."

"आन् बदाम असताना न्हाई म्हनून सांगितलं तर?"

मंदाताईंनी चष्मा खाली घेतला. "मग ते खेळणं नव्हे. ती चोरी."

विजयमाला बरेच दिवस गाढव होत होती. एक तर तिला पानं लक्षात राहात नसत. दुसरं म्हणजे, हातात झब्बू असूनही मंदाताईंवर टाकायला तिचा हात धजत नसे. एकदा बदाम नसताना तिनं झब्बू न देता हात तसाच कचऱ्यात सारला, आणि मंदाताईंनी तो उलटा करून पानं मोजली. एक कमी.

"झब्बू होता तुझ्याकडे. दिला नाहीस. मुद्दाम, की विसरलीस?"

"मुद्दाम. तुमी थोरल्या."

मंदाताईंनी हातातली पानं टेबलावर ठेवली. "दया करायची असेल तर मारुतीच्या देवळाबाहेर जा, तिथे रांग असते. माझ्या टेबलावर नाही. पुन्हा केलंस तर खेळ बंद."

"मी काही बोलत नाही," द्वारकाबाई म्हणाल्या, "पण मला मात्र खुशाल देते हो ही."

त्यानंतर विजयमाला शिकली. शेवटचा धडा अजून तिच्या कानात होता. दोघीच उरल्या होत्या, विजयमालाच्या हातात एक लहान पान, एक मोठं. "आधी काय टाकशील?" मंदाताईंनी विचारलं. "मोठं," ती म्हणाली, "जड वझं आधी उतरवावं मानसानं." "म्हणून तू गाढव. लहान टाक. समोरच्याला मोठं होऊ दे, म्हणजे उतारी त्याच्यावर जाईल. त्यानं दुसरं काही टाकलं आणि ते तुझ्याकडे नसलं, की हाण तुझा राजा त्याच्या टाळक्यात. राजा शेवटी राखायचा, विजयमाला."

असं सुखाचं चाललं होतं. मग गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मंदाताईंनी किलवरवर बदामाचा झब्बू दिला, आणि दोन हात जातात न जातात तोच स्वतःच किलवरची उतारी केली.

द्वारकाबाईंचं तोंड उघडलं. "मी काही बोलत नाही, पण..."

विजयमालानं टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. द्वारकाबाई आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर काही बोलल्या नाहीत.

पुढं ते वाढत गेलं. पूर्वी मंदाताई पानं छातीशी अशी धरायच्या की वारा शिरू नये. आता पानांचा पंखा कलंडायचा आणि बाजूला बसलेल्या विजयमालाला सगळा हात दिसायचा. पूर्वी त्या म्हणत, "द्वारकाबाई, चौकटची राणी तुमच्याकडेच आहे, नवरी लपवून काय करणार?" आता कोणती पानं गेली याचा त्यांना पत्ता नसे. आणि एका सकाळी, दार अजून उघडायचं होतं तोच, विजयमालाच्या दाराला बाहेरून खुडबुड ऐकू आली. पाहते तर मंदाताई, हातात पिशवी, स्वतःची किल्ली तिच्या कुलपात घालून फिरवतायत.

"हे कुलूप बदललेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. आवाज तोच, ऐटदार.

"व्हय, बदललं," विजयमाला म्हणाली, आणि त्यांचा हात धरून तिनं त्यांना समोरच्या दारापाशी नेलं.

त्या दिवसापासून विजयमाला हरायला लागली. झब्बू गिळायची, मोठी पानं नको तेव्हा टाकायची, उगाच ढीग उचलायची. द्वारकाबाईही शिकल्या. मंदाताई रोज जिंकत.

"हल्ली मी फार जिंकते," एकदा त्या म्हणाल्या.

"नशीब हाय तुमचं."

"नशिबानं लॉटरी लागते. झब्बू लागत नाही." त्या विजयमालाकडे बघत राहिल्या. मग पानं पिसायला लागल्या, आणि पिसत राहिल्या, पिसत राहिल्या, शेवटी द्वारकाबाईंनी हळूच कॅट त्यांच्या हातून काढून घेतला.

हे सगळं कशासाठी? केयूरसाठी. मंदाताईंचा मुलगा बंगळूरला असे, दर रविवारी फोन करी, आणि आईचा झाला की विजयमालाला. "मावशी, लिसन, आईचं थोडं जरी काही ऑफ वाटलं ना, तर प्लीज लगेच सांगा. बावधनच्या पुढे एक खूप छान प्लेस आहे. गार्डन आहे, ट्वेंटी-फोर अवर्स नर्स, अॅक्टिव्हिटीज..." त्या अॅक्टिव्हिटीज मंदाताई एका मैत्रिणीला भेटायला गेल्या तेव्हा पाहून आल्या होत्या. "म्हाताऱ्यांना गोल बसवतात आणि टाळ्या वाजवून गाणी म्हणायला लावतात. 'छान छान आजी!' म्हणते ती पोरगी. मी नाही जाणार. मला मरायचं ते माझ्या घरात, माझ्या कुलपाआड."

म्हणून विजयमाला रविवारी सांगायची, "आवं, काल बी आमा दोघीस्नी गाढव केलं त्यांनी!" त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि मंदाताई बावधनला गेल्या तर दुपारी तीनला विजयमालानं कुठं जायचं, हा प्रश्न तिनं स्वतःलासुद्धा मोठ्यानं कधी विचारला नाही.

केयूर आला तो न कळवता. आईनं त्याला ऑफिसात फोन केला होता आणि त्या जुन्या थंडगार आवाजात म्हटलं होतं, "आपल्यासाठी ट्रंक कॉल आहे, धरून ठेवा." तो धरून राहिला. पलीकडून कुणी बोललंच नाही.

त्यानं सगळं ठरवून आणलं होतं. "आई, इट्स नॉट अ बिग डील, ओके? उद्या एक डॉक्टर जस्ट मेमरी टेस्ट घेणार. आणि इन्सुलिन द्यायला सकाळ-संध्याकाळ नर्स येईल. हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा. किंवा मग ते प्लेस, रूम होल्ड केलीय मी. सेफ्टी, आई, दॅट्स ऑल."

"कॅमेरा," मंदाताई म्हणाल्या. "म्हणजे मी जांभई दिली की बंगळूरला कळणार."

"आई, प्लीज."

"काय असतं त्या परीक्षेत? घड्याळ काढा, तीन शब्द लक्षात ठेवा. आंबा, खुर्ची, पैसा. झब्बूत बावन्न पानं असतात, केयूर. बस. एक डाव. मी गाढव झाले तर माझी बॅग मी भरते आणि तुझ्या त्या बागेत जाऊन टाळ्या वाजवते. नाही झाले, तर नर्स नाही, कॅमेरा नाही, बाग नाही, आणि ह्या विषयावर पुन्हा अक्षर नाही."

"धिस इज नॉट लॉजिकल."

"घाबरलास?"

केयूर दमलेला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आईला कुठं न्यायची त्याला हौस नव्हती. कुणीतरी 'सगळं ठीक आहे' म्हणावं आणि आपण परतीचं विमान पकडावं, एवढंच त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "फाइन," तो म्हणाला. "वन गेम."

चहा करताना ओट्यापाशी मंदाताईंनी विजयमालाचं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी. "दया नको."

"न्हाई."

"शपथ?"

"शपथ," विजयमाला म्हणाली. मनगट सुटलं नाही. मंदाताईंचे डोळे काहीतरी भलतंच मागत होते, आणि तोंड ते मागायला तयार नव्हतं.

पानं वाटली द्वारकाबाईंनी. मंदाताईंच्या शेजारी विजयमाला, मग द्वारकाबाई, मग केयूर. सुरुवात बरी झाली. मंदाताईंनी चौकटचा गुलाम उतरला, दोघींनी चौकट टाकली, आणि केयूरकडे चौकट नव्हतीच. "झब्बू, आई. सॉरी हं." मंदाताईंनी ढीग उचलला. "सॉरी काय म्हणतोस, खेळ." विजयमालाच्या जिवात जीव आला. ह्या तर जुन्याच मंदाताई.

मग विजयमालानं किलवरची राणी उतरली. द्वारकाबाईंची तिर्री पडली. केयूरची छक्की. मंदाताईंचा पंखा कलंडला होता आणि त्यात किलवरची नव्वी विजयमालाला लख्ख दिसत होती. मंदाताईंची बोटं त्या नव्वीवरून गेली, थांबली नाहीत, आणि बदामाची पंजी टेबलावर आली.

"झब्बू," मंदाताई म्हणाल्या.

ती चोरी होती. मंदाताईंच्याच भाषेत. विजयमालानं न बोलता सगळा ढीग आपल्याकडे ओढला. द्वारकाबाई छताकडं बघत होत्या.

पानं झडत गेली. केयूर आधी सुटला आणि खुर्ची मागे घेऊन हाताची घडी घालून बघत बसला. मग द्वारकाबाई सुटल्या. "मी काही..." एवढंच त्या म्हणाल्या. उरल्या दोघी. दोघींच्या हातात दोन-दोन पानं, उतारी विजयमालाची.

विजयमालाकडे इस्पिकची दुर्री आणि चौकटचा राजा. मंदाताईंकडे इस्पिकची चौकी आणि ती किलवरची नव्वी. दोन्ही पानं तिच्याकडे तोंड करून होती, शाळेच्या फळ्यासारखी. दुर्री टाकली, तर मंदाताईंना चौकी टाकावीच लागणार. मोठं पान त्यांचं, उतारी त्यांची. त्या नव्वी टाकणार. विजयमालाकडे किलवर नाही. राजा त्यांच्या टाळक्यात. डाव संपला, बॅग, बावधन, छान छान आजी.

राजा शेवटी राखायचा, विजयमाला.

तिनं राजा टाकला.

मंदाताई त्या राजाकडं बघत राहिल्या. इतका वेळ, की केयूरनं घडी सोडली. मग चौकी त्याच्यावर आली. "झब्बू." विजयमालानं उचललं, हाताला येईल ते पान उतरलं, आणि मंदाताईंनी शेवटचं पान टेबलावर ठेवलं. किलवरची नव्वी.

केयूर त्या नव्वीकडं बघत होता. मघाच्या त्या बदामाच्या झब्बूनंतर मंदाताईंनी एकही ढीग उचललेला नव्हता, हे टेबलाशी बसलेल्या कुणालाही आठवलं असतं.

"वॉव," केयूर म्हणाला. "ओके. यू विन, आई."

थोड्या वेळानं गॅलरीतून त्याचा आवाज आला : "हॅलो, हां, ती रूम कॅन्सल करायची होती. नो, नो, शी इज अॅब्सोल्युटली फाइन. अहो, तिनं आम्हाला पत्त्यात हरवलं!" दुसरा फोन नर्सवाल्यांना. तिसरा डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये.

संध्याकाळी मंदाताई विजयमालाच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"राजा आधी टाकलास."

विजयमाला कोथिंबीर निवडत होती. मान वर केली नाही.

"मुद्दाम, की विसरलीस?"

"इसरले," ती म्हणाली.

"असं." मंदाताई हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाल्या, "चला. म्हणजे आता दोघी विसरायला लागलो." आणि वळून जिन्याकडं चालू लागल्या. दोन पायऱ्या उतरल्यावर थांबल्या. मग हळूहळू परत चढून स्वतःच्या दारात गेल्या.

विजयमालानं मनाशी ठरवलं, नर्स नाही तर नाही, मी हाय की. रोज सकाळी चहाचं निमित्त करून ती मंदाताईंकडे जाई आणि त्या पोटाला सुई टोचून घेत तोवर बसून राही. मग वापरलेली सुई स्वतःच्या हातानं टाकून देई, बाटली फ्रिजमध्ये ठेवून देई. संध्याकाळी तेच. आपण सगळं निभावून नेऊ असं तिला वाटायला लागलं होतं. दुपारचा झब्बू चालूच होता. मंदाताई जिंकतच होत्या.

मग हडपसरला भावकीत समर्थची हळद निघाली. न जाऊन चालणारं नव्हतं, पुतण्याच तो. एका रात्रीपुरतं जायचं, सकाळी परत. द्वारकाबाईंना तिनं दहादा बजावलं, "सकाळी सुई घेताना समोर बसा."

द्वारकाबाई सकाळी वर गेल्या. बसल्या नाहीत, दारातूनच त्यांनी विचारलं, "घेतलंत का इंजेक्शन?" मंदाताई म्हणाल्या, "मी काय बालवाडीत आहे?" अगदी जुन्या मंदाताई. द्वारकाबाई ओशाळल्या आणि खाली आल्या. पुढं काय झालं ते पाहायला कुणी नव्हतं.

विजयमाला हळदीनं माखलेल्या हातांनी बसमधून उतरली, जिना चढून वर आली. समोरचं दार उघडं होतं. मंदाताईंचं दार, सताड उघडं.

"मंदाताई, दार उघडं हाय," ती बाहेरूनच म्हणाली.

आतून प्रश्न आला नाही.

त्या टेबलाशी खुर्चीत होत्या. मान एका बाजूला, साडी घामानं चिंब. समोर चहावर साय धरलेली, पोळीचा तुकडा तसाच. आणि बशीत दोन सुया.

सातारा रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर पार तळाला गेली होती, फार वेळ गेली होती, मेंदू आता उठायचा नाही. मशीनवर त्या काही दिवस होत्या. केयूर रात्रीच्या विमानानं आला. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "इंजेक्शन ह्या स्वतःच घ्यायच्या? विसरणं वगैरे काही होतं का अलीकडे?"

केयूरनं विजयमालाकडं पाहिलं. विजयमालानं फरशीकडं पाहिलं.

"नो," केयूर म्हणाला. "शी वॉज शार्प. व्हेरी शार्प."

तिथून ते वाक्य निघालं. लिफ्टमधून चढलं, जिन्यानं उतरलं, सदाशिव पेठेपर्यंत गेलं, आणि तेराव्याला खिरीबरोबर सगळ्यांच्या तोंडात होतं.

माणसं पांगू लागली तसा केयूर स्वयंपाकघरात आला. डोकं तासलेलं, त्यामुळे कान अगदी आईसारखे दिसत होते. तो पाणी प्यायला, त्यानं भांडं विसळलं, पालथं घातलं. मग ओट्याला टेकून उभा राहिला. बोलला तेव्हा त्याच्या मराठीत एकही इंग्रजी शब्द नव्हता.

"मावशी, मी लहान असताना आई मला झब्बू शिकवायची. रात्रपाळीला, मी जागा राहावा म्हणून. ती म्हणायची, राजा शेवटी राखायचा."

विजयमालाच्या हातातली वाटी ओट्यावर टेकली.

"तुमच्या हातात दुर्री होती त्या दिवशी. ढीग उचललात तेव्हा मला दिसली. तुम्ही राजा आधी टाकलात." तो थांबला. मग आवाज जरा थंड झाला, ऐटदार झाला, आणि तो आवाज त्याचा नव्हताच. "मुद्दाम, की विसरलात?"

बाहेर द्वारकाबाई कुणाला तरी चपला शोधून देत होत्या. नळ ठिबकत होता.

"मुद्दाम," विजयमाला म्हणाली.

केयूरनं मान हलवली. रागावला नाही, रडलाही नाही. त्यानं तो ठिबकणारा नळ घट्ट पिळून बंद केला.

"ती किलवरची नव्वी," तो म्हणाला. "मला दिसली होती."

बाहेरून चेअरमनांचा आवाज आला, "बरंय, येतो आम्ही. काय करणार, अं, देवाची इच्छा. पण शेवटपर्यंत, अं, शार्प होत्या हो!"

केयूरनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि तो हॉलमध्ये गेला.

"हो ना," तो म्हणाला. "व्हेरी शार्प."

विजयमालानं पुढची वाटी घेतली.